मर्यादेवरचें वर्तुळ



शाळेंत शिकलेल्या बीजगणितापैकीं आपणांस बहुधा एकच चिन्ह पक्कें आठवतें, आणि तें म्हणजे बरोबरीचें. १५५७ सालीं रॉबर्ट रेकॉर्ड नांवाच्या वेल्श विद्वानानें हें चिन्ह प्रथम छापलें. दोन समांतर रेघांइतक्या सारख्या दुसऱ्या कोणत्याच दोन वस्तु नसतात, असें त्याचें कारणहि त्यानें दिलें. तेव्हांपासून समीकरणांचें राज्य सुरू झालें. आणि क्ष ची किंमत काढली कीं गणित संपलें, अशी आपली समजूत होऊन बसली.

परंतु घरांतला व्यवहार पाहिला तर काय दिसतें? महिन्याचा खर्च पगाराच्या आंत बसावा. दूध निदान दोन लिटर हवें. औषधाच्या दोन मात्रांमध्यें किमान सहा तास जाऊं द्यावेत. लिफ्टमध्यें एका वेळीं फार तर आठ माणसांनीं चढावें. ह्यांपैकीं एकाहि वाक्यांत बरोबरी नाहीं. निदान, किमान, फार तर, आंत, वर, खालीं अशा शब्दांनींच आपला संसार चालतो. गणितांत ह्या संबंधाला असमता म्हणतात. समाजांतील विषमतेशीं ह्या शब्दाचा संबंध लावूं नये. एक संख्या दुसरीहून लहान कीं मोठी, एवढाच त्याचा अर्थ. ही असमता डोळ्यांना दिसेल अशी कागदावर कशी काढावी, आणि तशी काढल्यानें कोणता लाभ होतो, हें आज सांगावयाचें आहे.

ध्वनिक्षेपकासमोर बोलणाऱ्यापाशीं फळा नसतो. तेव्हां फळ्याचें काम आपणच करावें, अशी विनंति आहे. एक कागद घ्या, त्यावर आडवी सरळ रेघ ओढा आणि तिच्या मध्यावर शून्य मांडा. शून्याच्या उजवीकडे सारख्या अंतरावर १, २, ३ असे आंकडे लिहा. डावीकडे तितक्याच अंतरावर उणे १, उणे २, उणे ३ लिहा. दोन्ही टोंकांना बाण काढा, कारण ही रेघ कोठेंच संपत नाहीं. हिचें नांव संख्यारेषा.

डावीकडच्या ऋण संख्या पाहून कोणी कचरूं नये. ऋण म्हणजे विरुद्ध दिशा, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीचा काळ शके १०७२, म्हणजे इसवी सन ११५०. तींत एक त्रिकोण आहे: पाया ९, बाजू १० आणि १७. शिरोबिंदूपासून पायावर लंब टाकला तर पायाचे दोन खंड किती, असा प्रश्न. उत्तर येतें एक खंड १५ आणि दुसरा उणे ६. आचार्य तो उणे खंड टाकून देत नाहींत. लंब पायाच्या बाहेर पडतो, म्हणून हा खंड उलट दिशेनें मोजावयाचा, असा त्याचा अर्थ लावतात. पुढें १६८५ सालीं इंग्लंडांत जॉन वॉलिस ह्यानें हीच कल्पना चालणाऱ्या माणसाच्या उदाहरणानें मांडली. पांच वार पुढें जाऊन आठ वार मागें आलेला मनुष्य निघाल्या जागेच्या तीन वार मागें असतो, म्हणजे तो उणे तीनावर उभा असतो.

आतां ह्या रेघेचा एकच नियम ध्यानांत ठेवावा: जी संख्या उजवीकडे ती मोठी. पांच हे दोहोंच्या उजवीकडे, म्हणून पांच मोठे. उणे दोन हे उणे पांचाच्या उजवीकडे, म्हणून उणे दोन मोठे. हें ऐकावयास चमत्कारिक वाटतें, पण दोनशें रुपये देणें असलेला गृहस्थ पांचशें रुपये देणें असलेल्यापेक्षां बऱ्या स्थितींत असतो, हें कोणासहि पटेल. लहानमोठेपणा दाखविणारीं कोनाच्या आकाराचीं चिन्हें टॉमस हॅरियट ह्या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथांत प्रथम छापलीं गेलीं. तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनीं, १६३१ सालीं, प्रसिद्ध झाला. कोनाचें टोंक लहान संख्येकडे आणि उघडी बाजू मोठ्या संख्येकडे, एवढें लक्षांत ठेवलें कीं पुरे.

एक साधें उदाहरण घेऊं. समजा, आपण पांचशें रुपये घेऊन तांदूळ आणावयास निघालों. रिक्षाला जातां-येतां ८० रुपये लागतात आणि तांदुळाचा भाव किलोला ६० रुपये आहे. तांदूळ किती आणतां येईल? किलोंची संख्या क्ष मानली, तर क्ष ची साठपट अधिक ८० ही रक्कम पांचशांहून अधिक होतां कामा नये. दोन्हीकडून ८० वजा केले, ४२० उरले. साठांनीं भागिलें, सात आले. म्हणजे क्ष सात किंवा त्याहून कमी. समीकरणानें आपणांस सात हा एकच बिंदु दिला असता. असमता मात्र रेघेचा अख्खा तुकडा देते. सात किलो आणतां येतील, साडेसहा येतील, अर्धा किलोहि येईल. म्हणून सातावर एक लहानसें वर्तुळ काढावें, आणि तेथून डावीकडे रेघ जाड करीत न्यावी. कोठवर न्यावी? उणे तीन किलो तांदूळ कोणी आणीत नाहीं. तेव्हां शून्यावर थांबावें. चित्र पूर्ण झालें: शून्यापासून सातापर्यंतचा जाड तुकडा.

सातावरचें तें वर्तुळ पोकळ ठेवावें कीं शाईनें भरावें? सात किलो बरोबर पांचशांत बसतात, म्हणून सात हे उत्तरांत आहेत, वर्तुळ भरावें. मर्यादेची संख्या स्वतः उत्तरांत असेल तर भरीव वर्तुळ, नसेल तर पोकळ वर्तुळ, असा संकेत आहे. चिन्हांतहि हा भेद दाखवितात. "लहान किंवा बरोबर" असें एकत्र सांगणारें चिन्ह फ्रान्समधील पिएर बुगेर ह्यानें १७३४ सालीं वापरलें; हॅरियटच्या ग्रंथानंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं.

ह्या वर्तुळाचें महत्त्व आगगाडीच्या तिकिटावरून चांगलें कळतें. भारतीय रेल्वेच्या नियमाप्रमाणें, स्वतंत्र बर्थ न मागितल्यास, पांच वर्षांखालील मुलास तिकीट लागत नाहीं. आणि पांच वर्षें पूर्ण झालेल्या पण बारा पूर्ण न झालेल्या मुलास अर्धें भाडें पडतें. अर्ध्या तिकिटाचा तुकडा काढा. पांचावर भरीव वर्तुळ, कारण पांचवा वाढदिवस झाला कीं अर्धें तिकीट लागूं झालें. बारावर पोकळ वर्तुळ, कारण बारावा वाढदिवस उजाडतांच तें तिकीट बंद झालें. फुकट प्रवासाचा तुकडा पांचावर पोकळ वर्तुळानें संपतो, आणि नेमका तेथेंच अर्ध्या तिकिटाचा तुकडा भरीव वर्तुळानें सुरू होतो. मध्यें फट नाहीं, आणि कोणतेंहि वय दोन्ही तुकड्यांत पडत नाहीं. पांचावरचीं दोन्ही वर्तुळें भरलीं असतीं तर पांच वर्षांच्या मुलाला दोन नियम लागले असते. दोन्ही पोकळ ठेवलीं असतीं तर एकहि लागला नसता. तिकिटाच्या खिडकीवरचे बरेच वाद असल्याच ढिसाळ शब्दरचनेंतून उत्पन्न होतात.

येथें एखादी चाणाक्ष मुलगी विचारील, "पोकळ वर्तुळ कशाला? बाराच्या अगदीं अलीकडची जी संख्या असेल तीवर भरीव वर्तुळ काढा, म्हणजे झालें!" प्रश्न उत्तम आहे. पण बाराच्या अगदीं अलीकडची संख्या कोणती? ११.९ म्हणावी तर ११.९९ तिच्या पुढें आहे, आणि ११.९९९ त्याहून पुढें. बाराहून लहान अशी कोणतीहि संख्या सांगा. ती आणि बारा ह्यांची बेरीज करून निम्मी केली कीं दोहोंच्या मध्यें पडणारी नवी संख्या मिळते. बाराच्या अलीकडची शेवटची संख्या नाहींच. ज्या तुकड्याला शेवट आहे, पण शेवटची संख्या नाहीं, तो दाखवावयास पोकळ वर्तुळावांचून दुसरा उपाय नाहीं.

अर्थात्, सगळ्या गोष्टी अशा अखंड नसतात. महाराष्ट्राच्या विधानसभेंत निवडून आलेले सभासद २८८ असतात. बहुमत म्हणजे अर्ध्याहून अधिक. निम्मे १४४, म्हणून १४४ वर पोकळ वर्तुळ. पण सभासद अर्धा किंवा पाव नसतो. त्यामुळें येथें रेघ जाड न करतां १४५, १४६, १४७ असे सुटे ठिपके काढावयाचे, आणि ते २८८ वर थांबवावयाचे. "१४४ हून अधिक" आणि "निदान १४५" हीं दोन वाक्यें सभासदांच्या बाबतींत एकच आहेत; तांदुळाच्या किलोंविषयीं बोलत असतों तर तीं अगदीं भिन्न ठरलीं असतीं. म्हणून रेघ ओढण्यापूर्वीं आपण मोजण्याच्या वस्तूविषयीं बोलतों कीं मापण्याच्या, हें विचारून घ्यावें.

आतां विद्यार्थ्यांना हटकून फसविणारी एक जागा सांगतों. असमतेच्या दोन्ही बाजूंत समान संख्या मिळविली किंवा दोन्हींतून वजा केली, तर लहानमोठेपणा बदलत नाहीं. सगळी रेघच तेवढी सरकते. धन संख्येनें गुणिलें किंवा भागिलें तरी बदलत नाहीं. अंतरें तेवढीं ताणलीं किंवा आखडलीं जातात. पण ऋण संख्येनें गुणिलें कीं चिन्ह उलटतें. हें कां होतें, तें आपल्या कागदावरच दिसेल. उणे एकानें गुणणें म्हणजे शून्यावर आरसा उभा करणें. दोन उजवीकडून डावीकडे उणे दोनावर जातात, पांच उणे पांचावर जातात. जो शून्यापासून लांब होता तो लांबच राहिला, पण दिशा फिरल्यामुळें उजवीकडचा होता तो आतां डावीकडचा झाला. समजा, क्ष ची उणे तीनपट बाराहून कमी आहे. उणे तीनानें भागतांना चिन्ह उलटावयास विसरणारा विद्यार्थी "क्ष उणे चाराहून लहान" असें लिहील. खरें उत्तर "क्ष उणे चाराहून मोठा". संशय आल्यास एक संख्या घालून पाहावी. शून्याची उणे तीनपट शून्य, आणि शून्य बाराहून कमी आहे. म्हणजे शून्य उत्तरांत हवें, आणि शून्य उणे चाराच्या उजवीकडे आहे. तेव्हां उणे चारावर पोकळ वर्तुळ काढून उजवीकडची रेघ जाड करावी. एक संख्या घालून पाहण्याची ही संवय मुलांना लावली, तर परीक्षेंतील अर्ध्या चुका टळतील.

दुसरी फसवी जागा भाषेंतली आहे. "अधिक नाहीं" ह्याचा अर्थ "कमी" असा पुष्कळांना वाटतो. तसा तो नाहीं. दोन संख्यांत तीनच संबंध संभवतात: पहिली लहान, पहिली मोठी, किंवा दोन्ही सारख्या. ह्यांतून "अधिक" काढून टाकलें तरी दोन उरतात, कमी आणि बरोबर. म्हणून "पांचाहून अधिक नाहीं" ह्याचें वर्तुळ भरीव असतें. तसेंच "आणि" व "किंवा" ह्यांचें. दोन अटी "आणि" नें जोडल्या असतील, तर दोन रेघा एकाखालीं एक काढून जो भाग दोहोंत जाड असेल तेवढाच घ्यावा. "किंवा" असेल तर दोन्ही भाग घ्यावे. एखाद्या सूचनेंत "दहाहून मोठी आणि सहाहून लहान" अशी अट आली, तर दोन्ही रेघांत समान असें कांहींच सांपडणार नाहीं, आणि ती अट कोणासहि पाळतां येणार नाहीं.

हें सारें केवळ तांदुळाच्या आणि तिकिटाच्या कामाचें आहे, असें मानूं नये. कायदा वयाची मर्यादा घालतो तेव्हां तोहि अशीच रेघ ओढतो, आणि तिच्या कोणत्या बाजूस आपण पडलों ह्यावर माणसाचें आयुष्य अवलंबून राहतें. १८६० च्या दंडसंहितेनें विवाहित मुलीला पतीच्या बळजबरीपासून जें संरक्षण दिलें, तें "दहा वर्षांखालील" मुलीपुरतें होतें. दहावर पोकळ वर्तुळ, आणि तेथून डावीकडे जाड रेघ. १८९० सालीं कलकत्त्यास फुलमणि दासी नांवाच्या मुलीच्या मृत्यूबद्दल तिच्या पतीवर खटला चालला. मुलगी लहानच होती. पण दहा वर्षांची मर्यादा तिनें ओलांडली होती. रेघेवर पाहिलें तर ती वर्तुळाच्या किंचित् उजवीकडे पडत होती. त्यामुळें बलात्काराचें कलम त्या पतीस लागूं झालें नाहीं. सौम्य कलमाखालीं त्यास एक वर्षाची सक्तमजुरी झाली. ह्या खटल्यानें देश हादरला. मुंबईस बेहरामजी मलबारी ह्यांची खटपट आधींपासून चालूच होती. पुण्यास रानडे, भांडारकर आणि आगरकर हे सुधारणेच्या बाजूस उभे राहिले. परक्या सरकारानें आमच्या सामाजिक आचारांत हात घालूं नये, असें म्हणून टिळक विरोधास उभे राहिले. १८९१ च्या मार्चमध्यें संमतिवयाचा कायदा झाला आणि दहाचें वर्तुळ बारावर गेलें.

आतां ह्या दोन कायद्यांच्या रेघा एकाखालीं एक काढा. जुनी रेघ दहावर थांबते, नवी बारावर. दोहोंत फरक आहे तो दहावर भरीव आणि बारावर पोकळ वर्तुळ असलेल्या एका लहानशा तुकड्याचा. वर्तमानपत्रांतील सगळा गदारोळ ह्या दोन बोटें लांबीच्या तुकड्यासाठीं होता, आणि त्या तुकड्यांत जिवंत मुली होत्या. पुढें विवाहाचीच मर्यादा कायद्यांत आली. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीसाठीं ती १४ ठरविली, १९४९ सालीं ती १५ झाली, आणि १९७८ सालीं १८. प्रत्येक वेळीं वर्तुळ उजवीकडे सरकलें, आणि आणखी एक तुकडा संरक्षणाच्या जाड रेघेंत आला.

मतदानाच्या बाबतींत वर्तुळ उलट दिशेनें सरकलें. राज्यघटनेनें मूळ ठरविलेली मर्यादा २१ वर्षांची होती. एकसष्टाव्या दुरुस्तीनें १९८९ पासून ती १८ झाली. घटनेचे शब्द अठरांहून "कमी नाहीं" असे आहेत, म्हणून अठरावर भरीव वर्तुळ आणि उजवीकडे जाड रेघ. दोन रेघांतील फरक, अठरापासून एकविसाच्या अलीकडपर्यंतचा तुकडा, म्हणजेच मताचा हक्क नव्यानें मिळालेले तरुण. नियम बदलला कीं कोणास काय मिळालें आणि कोणाचें काय गेलें, हें लांबलचक कलमांपेक्षां अशा दोन रेघा लवकर सांगतात.

म्हणून पुढच्या वेळीं सोसायटीची सूचना येईल, विम्याचा कागद हातीं पडेल, किंवा मुलांच्या प्रवेशाची वयोमर्यादा जाहीर होईल, तेव्हां एक लहानशी रेघ ओढून पाहावी. मर्यादा कोणती? जाड बाजू उजवी कीं डावी? आणि मर्यादेवर जो नेमका उभा आहे, तो आंत कीं बाहेर? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर सूचनेच्या शब्दांत सांपडत नसेल, तर सही करण्यापूर्वीं तें लेखी मागून घ्यावें.

वेळ संपत आली. घरांतल्या मुलांसाठीं एक कोडें देऊन रजा घेतों. एका संख्येची तीनपट करून तींत दोन मिळविले, तर उत्तर चौदाहून कमी येतें; आणि ती संख्या उणे एकाहून कमी नाहीं. दोन्ही अटींच्या रेघा एकाखालीं एक काढाव्या आणि समान तुकडा शोधावा. एका टोंकास वर्तुळ भरीव यावयास हवें, दुसऱ्या टोंकास पोकळ. आणि केवळ पूर्णांक घेतले तर बरोबर पांच ठिपके मिळाले पाहिजेत. चार किंवा सहा मिळाले, तर दोन्ही टोंकांचीं वर्तुळें पुन्हां तपासून पाहावीं.